रेघ ओढायच्या आधी : सोलापूरच्या वाहतूक आराखड्यात आपलं म्हणणं कसं घालायचं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात एक जाहीर सूचना असते. 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की...' पुढं गट नंबर, रस्त्याची रुंदी आणि तळाशी हरकतीची मुदत. ती आपण वाचत नाही. दोन-तीन वर्षांनी दारात जेसीबी उभा राहिला की 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' म्हणत मोर्चा काढतो. तोवर विचारल्याची नोंद कागदावर झालेली असते आणि तोच कागद आपल्यापुढं धरला जातो.

हे मी हरून शिकलो. आमच्या घराजवळचा दुभाजकातला कट बंद झाला. शाळेच्या रिक्षांना पाऊण किलोमीटर वळसा पडू लागला. आम्ही पंचवीस जण एका कार्यालयात गेलो, निवेदन दिलं, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी तो छापूनही आला. कट बंदच राहिला. नंतर समजलं की आदेश आधी 'प्रायोगिक तत्त्वावर' निघाला होता, त्यावर हरकती मागवल्या होत्या आणि आम्ही फोटो काढला तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. शिवाय निवेदनाची पोच कुणीच घेतली नव्हती. म्हणजे फोटो सोडला तर आम्ही तिथं गेल्याचा पुरावाच नव्हता.

तेव्हापासून मी चार-पाच प्रकरणांत लुडबुड केली. त्यातून जे हाती लागलं ते खाली क्रमानं देतो.

पहिलं काम : रस्ता कुणाचा?

सोलापुरात याचं उत्तर सरळ मिळत नाही. पुणे–हैदराबाद महामार्ग ६५, विजयपूर–धाराशिवकडचा ५२ आणि रत्नागिरीहून कोल्हापूर-सांगलीमार्गे येणारा १६६ असे तीन राष्ट्रीय महामार्ग इथं येऊन मिळतात. एकाच रस्त्याचा एक तुकडा महामार्गवाल्यांचा, पुढचा महापालिकेचा, त्यापुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असू शकतो. आणि रस्ता ज्याचा असेल त्याचीच त्यावरची वाहतूक असते असंही नाही. डांबर आणि फुटपाथ महापालिकेचा. एकेरी वाहतूक, पार्किंगची बंदी आणि जड वाहनांच्या वेळा पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडं. सिटी बसचा थांबा महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचा, रिक्षाचं परमिट प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचं, रुळावरचा पूल आला की रेल्वेचं सोलापूर विभागीय कार्यालय.

रे नगरचं उदाहरण घ्या. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत. जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पहिली १५ हजार घरं ताब्यात दिली गेली. विडी कामगार, यंत्रमागावरचे मजूर, कचरा वेचणाऱ्या बायका तिथं राहायला गेल्या, रोजगार मात्र बराचसा शहरातच राहिला. जागा दक्षिण सोलापूर तालुक्यातली, महापालिका हद्दीबाहेरची. 'आम्हाला बस पाहिजे' एवढंच म्हणायचं झालं तरी परिवहन उपक्रम, एसटी, ग्रामपंचायत आणि आरटीओ असे चार दरवाजे. वाहतुकीचं नियोजन शहराच्या वेशीवर थांबवता येत नाही ते यामुळं.

कुणाचा रस्ता हे नक्की करायचं तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण १५० शब्दांच्या आत. प्रश्न असा : 'अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याची मालकी व देखभाल कोणत्या कार्यालयाकडे आहे, त्याची नोंद.' का, कशासाठी, जबाबदार कोण असलं काही विचारू नका. फक्त कागद मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याहून लवकर काम करायचं असेल तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत खिशात ठेवा, कारण खिडकीवरच्या माणसाला तो ठाऊक असेलच असं नाही.

दुसरं : नेमकी वेळ कुठली?

विकास आराखडा, म्हणजे आपला डीपी, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. वीस वर्षांतून एकदा तरी त्याची सुधारणा करावी लागते. आधी इरादा जाहीर होतो, मग जागेवर आज काय आहे त्याचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन त्यावर हरकती मागवल्या जातात. मुदत सहसा ३० दिवस. तरी नोटिशीत छापलेली तारीखच प्रमाण माना. सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी मंजुरी शासनाची. शासनानं त्यात मोठे बदल सुचवले तर त्यांची वेगळी सूचना निघते, बोलीभाषेत 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे मंजुरीतून वगळलेला भाग). तिथं पुन्हा हरकतीची संधी मिळते. ही दुसरी खिडकी जवळजवळ सगळे विसरतात.

माझं मत विचाराल तर प्रारूप आराखड्याच्या वेळी जाणंसुद्धा उशिराचं आहे. तोवर नकाशावर १२ मीटर, १८ मीटर, २४ मीटरच्या रेघा ओढून झालेल्या असतात आणि रेघ पुसणं हे रेघ ओढण्याच्या दसपट अवघड. इरादा जाहीर झाल्यावर, सर्व्हेवाले फिरत असताना जा. तेव्हा कुणी येत नाही, त्यामुळं साहेबही निवांत असतात. चहासुद्धा मिळतो.

शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा हे वेगळं प्रकरण. तो सल्लागार कंपनी तयार करते. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात 'वाहनं नव्हे, माणसं हलवायची' असं सूत्र आहे आणि आराखडा करताना लोकांशी बोलणं अपेक्षित आहे. पण डीपीसारखी कायद्यानं बांधलेली हरकतीची मुदत त्याला नाही. म्हणून सल्लागाराचं काम चालू असतानाच त्याला आपली माहिती आयती द्यायची. त्यालाही ती हवीच असते. बाहेरगावचा माणूस, त्याला मधला मारुती आणि मरीआई चौक यातला फरक कुणीतरी सांगायलाच लागतो.

बस ताफ्याची वेळही लक्षात ठेवा. पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या विजेवरच्या बसच्या योजनेत सोलापूर आहे. बस आल्यावर मार्ग बदलून घेणं कठीण, मार्ग ठरण्याआधी सोपं. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, म्हणून फुटपाथ, थांब्याची शेड, दिवा अशा छोट्या मागण्या दिवाळीच्या आसपास झोन ऑफिसला आणि प्रभागातल्या नगरसेवकांना देऊन ठेवायच्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवून अंदाजपत्रकात घालायची पद्धत आहे. आपल्याकडं कुणी मागवत नसेल तर न मागवता द्यावी.

तिसरं : मोजा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं वजन इथं आहे. 'खूप गर्दी असते' या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. 'सकाळी ९ ते ९.१५ मध्ये २१२ माणसं पायी ओलांडली' याला आहे.

चौकाला जेवढे रस्ते मिळतात तेवढ्या जोड्या लावा. एक जण बोलतो, दुसरा रेघा मारतो. पाच-पाचाच्या जुड्या, चार उभ्या आणि एक आडवी. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, मंगळवार ते गुरुवारमधले दोन दिवस. शाळेला सुट्टी, सण, संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असले दिवस टाळा. विषयच यात्रेचा असेल तर अर्थात त्याच दिवशी मोजा. ऊस हंगामात एक मोजणी जरूर घ्या. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना किती वेळ घेतो ते मोबाइलवर लावून पाहा. मे महिन्यात ते दिसणारच नाही.

आता कोष्टकात रकाने कुठले? सरकारी मोजणीत सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलतात, त्याला पीसीयू म्हणतात. मोटार १, दुचाकी साधारण अर्धी, बस किंवा ट्रक तिनाच्या आसपास. पायी चालणाऱ्याला या मापात जागाच नाही. म्हणजे ४० माणसं घेऊन जाणारी सिटी बस त्या हिशेबात तीन मोटारींइतका अडथळा ठरते आणि डोक्यावर बोचकं घेतलेली बाई शून्य. म्हणून आपले रकाने वेगळे ठेवायचे : पायी जाणारी माणसं, त्यातली शाळेची मुलं, ओझं घेतलेले, सायकली, आणि रिक्षात किती सीटं आहेत तो आकडा. पीसीयूचा हिशेबही सोबत जोडा, म्हणजे 'तुमची पद्धत चुकीची' असं म्हणायला जागा राहत नाही.

फुटपाथची टेपनं मोजणी करा. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषात फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मोकळी, म्हणजे डीपी बॉक्स, झाड आणि पानटपरी वजा करून. (इथला डीपी विजेचा. आराखड्याच्या बैठकीत या दोन डीपींचा घोळ एकदा तरी होतोच.)

आणि चाला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) ६८ लिंगांना निघायच्या आधी त्या मार्गाची पाहणी होते, कुठली वायर खाली आली, कुठं खड्डा आहे ते चालत जाऊन बघतात. नंदीध्वजासाठी जे होतं तेच रोजच्या रस्त्यासाठी करायचं. एक माणूस व्हीलचेअरवर किंवा काठी घेतलेला, एक आजी, एक शाळकरी पोर आणि जमलंच तर त्या भागाचा कनिष्ठ अभियंता. अर्धा किलोमीटर पुरे. कार्यालयात तासभर सांगून जे पटत नाही ते साहेबांना स्वतःला एकदा रस्ता ओलांडायला लावलं की दोन मिनिटांत पटतं.

चौथं : जे येत नाहीत त्यांच्याकडं जा

पूर्व भागाच्या कडेच्या एका वसाहतीत आम्ही बैठक ठेवली. संध्याकाळी सहा, देवळाचा मंडप, मराठीत छापलेली पत्रकं. आले बावीस जण, बावीसही पुरुष, बहुतेक गाडीवरून. दीड तासाचं सार एकच निघालं : पार्किंग पाहिजे.

नंतर चूक लक्षात आली. सहाला बायका चुलीपाशी, मागावरची माणसं पाळीवर, आणि पत्रक मराठीत तर निम्म्या घरांत तेलुगू. दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळी गेलो, बायका वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला निघतात त्या वेळेला. सोबत शेजारची एक कॉलेजची मुलगी, तिला तेलुगू आणि कन्नड दोन्ही येतं. रस्त्याचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि भीती वाटते तिथं चिंचोका ठेवा म्हणालो. (पहिल्यांदा शेंगदाणे ठेवले होते. पोरांनी निम्मी माहिती खाऊन टाकली.)

मी एकीला विचारलं, "अक्का, बसचा स्टॉप कुठं केला तर बरं पडेल?"

ती नकाशाकडं न बघताच म्हणाली, "स्टॉप ऱ्हाऊ दे भाऊ. आधी रोड वलांडायला द्या."

मग तिनं सांगितलं. रिक्षा पलीकडच्या बाजूला सोडते. दुभाजकाला कट नाही. एका हातात विड्यांची पाटी, दुसऱ्या हातात साडी सावरायची आणि दुभाजकावर चढायचं. पावसात पाटी भिजली तर माल परत, दिवसाची मजुरी गेली. पंधरा मिनिटांत एकाच जागी एकोणतीस चिंचोके पडले. बावीस पुरुषांच्या दीड तासात त्या जागेचा उल्लेखही झाला नव्हता.

तेव्हा बैठक बोलवायच्या आधी लोकांचा दिवस बघा. यंत्रमाग कामगार पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकाशी भेटतात. शेतमाल आणणारे पहाटे मार्केट यार्डात. एप्रिल-मेमध्ये दुपारी काहीही ठेवू नका, चाळिशीपार उन्हात येईल तो मत द्यायला नाही, सावलीला येईल. पत्रक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत काढा, आणि पत्रकापेक्षा रिक्षावरचा भोंगा जास्त पोचतो. नवी पेठेसारख्या ठिकाणी फेरीवाल्यांना वगळून काही ठरवाल तर ते टिकणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणं नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आहेत. त्यांना आधीच सोबत घ्या. रिक्षावाल्यांनाही घ्या. स्टँडवर अर्धा तास बसलात तर शहराचं खरं मार्गनियोजन कुठं होतं ते कळतं.

पाचवं : हरकत लिहिणं

निवेदन वेगळं, हरकत वेगळी. निवेदनात विनंती असते, हरकतीला सुनावणी आणि निर्णय असतो. कागदावर ठळक 'हरकत व सूचना' असं लिहा. आमचा एक नमुना :

'विषय : प्रारूप विकास योजना, दि. ____ ची जाहीर सूचना, पत्रक क्र. ____ वरील ____ ते ____ या १८ मीटर रस्त्याबाबत हरकत व सूचना.
१) मी या रस्त्याने रोज ये-जा करतो / सिटी सर्व्हे नं. ____ येथे राहतो.
२) या रस्त्यावर दि. ____ व ____ रोजी केलेली मोजणी सोबत जोडली आहे. सकाळच्या दोन तासांत ____ व्यक्तींनी पायी रस्ता ओलांडला.
३) प्रस्तावात ओलांडण्याची जागा व फुटपाथ दर्शवलेला नाही, यास माझी हरकत आहे.
४) सूचना : ____ येथे दुभाजकात पादचारी मार्ग, दोन्ही बाजूंस १.८ मीटर मोकळा फुटपाथ.
५) मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.'

चौथा मुद्दा रिकामा ठेवू नका. नुसता नकार फेटाळायला सोपा असतो, पर्यायावर मात्र काहीतरी शेरा मारावा लागतो. पाचवा लिहिला नाही तर बोलावणं आलं नाही म्हणून तक्रार करता येत नाही.

दोनशे सह्यांचा एक अर्ज देण्यापेक्षा चाळीस जणांचे चाळीस अर्ज द्या, प्रत्येकानं आपलं कारण आपल्या शब्दांत लिहून. एका अर्जाला एकच आवक क्रमांक पडतो आणि बहुतेक वेळा तो एकच हरकत म्हणून मोजला जातो. छापील मजकुराच्या झेरॉक्सवर सह्या केल्या की त्या एकत्र बांधून एका ओळीत निकालात निघतात, हेही बघितलंय. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'साहेब आल्यावर शिक्का मारतो' म्हणाले तर साहेब येईपर्यंत बसायचं. डबा घेऊन जा.

सुनावणी

दोन-चार मिनिटं मिळतात. पहिल्याच वाक्यात मागणी सांगा. प्रस्तावना, सत्कार, शहराचा इतिहास नको. एक नकाशा, एक तक्ता, तीन फोटो. ज्याला त्रास होतो त्यानंच बोलावं. अक्कांना न्यायचं असेल तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते, ती वर्गणीतून भरून द्या. बोलून झाल्यावर 'माझं म्हणणं नोंदवून घेतलं का' हे विचारा आणि हजेरीच्या कागदावर सही करा.

गावाकडचे तीन मुद्दे

महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा मुदत फारच तोकडी. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली 'थ्री ए'ची (कलम ३ए, जमीन घेण्याचा इरादा) अधिसूचना निघाली की २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडं, सहसा प्रांताकडं, हरकत द्यायची. 'थ्री डी' (कलम ३डी, संपादनाची घोषणा) झालं की जमीन केंद्राची, पुढं भांडण फक्त मोबदल्याचं. सुरत–चेन्नई महामार्गाची आखणी बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट तालुक्यांतून जाते. अशा ठिकाणी भावाच्या गडबडीत लोक विसरतात ते हे : शेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुटणार असेल तर बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढा भुयारी मार्ग, पाटाचं पाणी न्यायची मोरी आणि सेवा रस्ता यांची मागणी गट नंबरासह लेखी द्यायची. पूल बांधून झाल्यावर मोरीची उंची वाढत नाही.

मोठ्या रस्त्याला पर्यावरण मंजुरी लागत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी होते. निदान ३० दिवस आधी नोटीस, मराठीत गोषवारा, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण. कोरम नसतो, तेव्हा बहिष्कार टाकलात तर सुनावणी तुमच्याशिवाय होते.

ग्रामसभा वर्षातून चार तरी होतात. एसटीची फेरी, थांबा, शाळेच्या वेळेची गाडी यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि शाळेनं दिलेली गावनिहाय मुलामुलींची यादी घेऊन आगार प्रमुखांकडं आणि प्रत विभाग नियंत्रकांकडं द्या. वडाप (सीट भरून जाणारी खासगी जीप) भरपूर आहे म्हणून एसटी नको, असं कुणी म्हणालं तर रात्री आठनंतर वडाप मिळते का ते विचारा.

त्यानंतर

निर्णय आपणहून कळत नाही. साठ-सत्तर दिवसांनी माहिती अधिकारात 'माझ्या हरकत क्र. ____ वर समितीने केलेल्या शिफारशीची प्रत' मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. जिल्ह्याचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण तिथं वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात. 'आमच्या भागातील नागरिकांच्या वतीने' असं सुरू केलं की अर्ज परत. 'मला रोज हा रस्ता ओलांडावा लागतो' असं सुरू करा. अपघाताची जागा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं प्रत पाठवा, तारखा आणि एफआयआर क्रमांकांसह.

एक फाइल करा, पुठ्ठ्याची, दोरीवाली. पोच, आवक क्रमांक, मोजणीचे मूळ कागद, फोटोमागं तारीख. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, मधल्या काळात अधिकारीही बदलून गेले. नव्या साहेबांना प्रकरण पहिल्यापासून माहीत असलेला माणूस बऱ्याचदा कार्यालयात नसतो, तो फाइल काखोटीला मारून बाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

अक्कांच्या त्या जागेचं शेवटचं उत्तर आलं ते असं : 'प्रकरण तांत्रिक तपासणीसाठी वरिष्ठ कार्यालयास सादर.' पोच फाइलीत लावली. अक्कांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, परत कधी मोजायचंय. ऊस सुरू झाला की, म्हणालो. या खेपेला एका रकान्यात रेघा मारायला त्या स्वतः बसणार आहेत.